मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग कसं शिकावं? (खर्रा, शुगर आणि ‘हो मॅडम, सोडतो’)

जास्वंदी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जरा कुरकुर आहे. माझ्यासमोर येणारे बहुतेक जण खर्रावाले. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोट-घोट घोटतात, तो खर्रा.

नेमणुकीनंतर आमचं प्रशिक्षण झालं. त्यात मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या (सवय बदलायची कारणं माणसाच्याच तोंडून यावीत अशी बोलण्याची पद्धत; पुढे नुसतं एमआय म्हणते) मोजून चार स्लाइड होत्या. शिकवायला आलेल्या सरांनी पेशंटला मोटिव्हेट कसं करायचं यावर दणदणीत भाषण ठोकलं, चहा झाला, प्रमाणपत्रं वाटली. नंतर स्वतः वाचायला लागले तेव्हा कळलं की भाषण देणं हीच या पद्धतीतली पहिली वर्ज्य गोष्ट!

जे समजलं ते थोडक्यात मांडते. चुकत असेल तर सांगा.

विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९८२ च्या सुमारास ते नॉर्वेत होते, दारूच्या व्यसनावर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांसोबत. ही मंडळी सरावाच्या वेळी त्यांना मध्येच अडवायची. आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्याचं हे वाक्य उचललंत आणि ते का सोडलंत? उत्तरं देता देता आपण नकळत काय करतो ते मिलरना स्वतःलाच उलगडत गेलं. १९८३ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक सोबत आले, १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं, आणि त्याची चौथी आवृत्ती २०२३ ची आहे. माणसाचं मनापासून ऐकून घेण्याचा भाग मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतला. पण रॉजर्स दिशा देत नाहीत, एमआयमध्ये दिशा असते.

गाभा मला असा समजला : सवय सोडावी की नाही याबाबत माणूस आधीच दोन मनांत असतो. आपण ‘सोडा’ म्हणून जोर लावला की बोलायला त्याच्याकडे दुसरंच मन उरतं. मग तो ‘राहू द्या’ची बाजू मांडत बसतो, आणि स्वतःच्या तोंडून जे ऐकतो तेच त्याला जास्त पटतं. म्हणून बदलाची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. आधी नातं जोडायचं, मग कशाबद्दल बोलायचं ते ठरवायचं, मग त्याची कारणं त्याच्याकडून काढून घ्यायची, आणि शेवटी तो तयार असेल तरच पुढची आखणी.

वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात माझ्यासमोर माणूस बसतो आणि दोन मिनिटांत म्हणतो, “हो मॅडम, सोडतो.” संपलं. पुढे काय बोलू? आणि तो परत येत नाही.

नागपुरात कोणी हे रीतसर शिकलंय का? सरावाला गट जमेल का?

कोथरूडकर

माहितीपूर्ण धागा. खर्रा म्हणजे आमच्याकडचा मावा का?

पोट्टा_मानेवाड्याचा

मावा वेगळा भाऊ. खर्र्याची सर त्याले नाई.

पुढचा_पेशंट

मी जनरल प्रॅक्टिसमध्ये आहे. ऐकायला छान वाटतं, पण संध्याकाळी माझ्या दवाखान्याबाहेर रांग असते आणि एका पेशंटला तीन-चार मिनिटं मिळतात. त्यात मी बीपी बघू, गोळ्या लिहू की त्याची दोन मनं ऐकू? शुगर वाढलेल्या माणसाला ‘साखर बंद करा’ हे सांगणं माझं कामच आहे. उद्या काही झालं तर नातेवाईक विचारतील, डॉक्टरांनी सांगितलं का नाही?

दंतकथा

दाताचा डॉक्टर आहे, त्यामुळे खर्र्याचा रोजचा संबंध. वरच्या डॉक्टरांना एक सांगतो : सल्ला द्यायचा नाही असं एमआय कुठेच म्हणत नाही. सल्ला कधी आणि कसा द्यायचा एवढंच ते सांगतं. रोलनिक, मिलर आणि ख्रिस्तोफर बटलर यांनी २००८ मध्ये खास दवाखान्यांसाठी पुस्तक लिहिलं, ते तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच. त्यातली मला सर्वांत उपयोगी पडलेली रीत म्हणजे विचारा, सांगा, विचारा.

पूर्वी मी आरसा दाखवून म्हणायचो, “बघा, हे पांढरं पडलंय. असंच चालू ठेवलं तर कॅन्सर होईल.” पेशंट घाबरायचा, बाहेर पडायचा आणि टेन्शन आलं म्हणून ठेल्यावर जायचा. आता विचारतो, “तोंड कमी उघडतंय, त्याबद्दल तुम्ही काय ऐकलंय?” निम्मं त्याला माहीतच असतं. मग म्हणतो, “त्यात थोडी भर घालू का?” कोणीच नाही म्हणत नाही. दोन वाक्यं सांगतो. मग, “हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?” आणि गप्प बसतो. गप्प बसणं सर्वांत अवघड. हातात उपकरण असलं की ते सोपं जातं, हा आमच्या धंद्याचा फायदा.

याला वेळ भाषणापेक्षा कमीच लागतो.

पोट्टा_मानेवाड्याचा

राम राम मंडळी. मले खर्रा खाऊन लय वर्सं झाले. आतापर्यंत बायको, सासरा, डॉक्टर, वॉट्सॅप, सगळ्यायनं सांगून पाह्यलं. तुमच्या या शास्त्रानं सुटते का ते सांगा, नाईतं कायले धागा वाढवून रायले?

निवृत्त_मास्तरीण

समाजकार्य महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त. धागा पाहून राहवलं नाही.

जास्वंदी, तुमचा ‘हो मॅडम’ हा कळीचा मुद्दा आहे. बाहेरच्या पुस्तकांतला पेशंट वाद घालतो, म्हणून तिथे विरोध कसा हाताळायचा यावर पानंच्या पानं आहेत. आपला पेशंट वाद घालत नाही. डॉक्टर, मॅडम, सर यांना तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा. तो मान डोलावतो, केसपेपर घेतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. तेव्हा आपल्याकडचा विरोध ओळखायचा तो मान डोलावण्यातून. फार लवकर आलेला ‘हो’ म्हणजे सुटकेचा मार्ग, त्यात निर्णय नसतो.

त्यावर मी मुलांना सांगत असे, नाही म्हणायची परवानगी आधीच देऊन ठेवा. “सोडायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. आज नाही ठरलं तरी मला चालेल. मला फक्त समजून घ्यायचंय.” खुर्चीत सावरून बसलेला माणूस हे ऐकून जरा सैलावतो. आणि हे मनापासून म्हणावं लागतं. डावपेच म्हणून म्हटलं तर त्याला लगेच कळतं. खर्रेवाले बाकी काही असोत, माणूस ओळखण्यात पक्के असतात.

आता कौशल्यांचं. मोकळे प्रश्न, दखल घेणं, त्याचं म्हणणं परत मांडणं आणि मधून मधून सारांश, अशी चार सांगतात. प्रश्न विचारायला सगळ्यांना येतं, म्हणून सगळे तेवढंच करत राहतात आणि समुपदेशनाची उलटतपासणी होते. कस लागतो तो परत मांडण्यात. तो म्हणाला, “घरी रोज कटकट असते.” आपण विचारतो, “कसली कटकट?” त्याऐवजी म्हणून पाहा, “घरी गेल्यावरही शांतता नाही.” एवढंच, आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली. आपल्याला शेवटी ‘ना?’ लावायची खोड आहे. ‘शांतता नाही ना?’ म्हटलं की ती परत चौकशी झाली. एमआयचं मोजमाप करणारी एमआयटीआय नावाची पद्धत आहे. तिच्यात एका प्रश्नामागे अशी दोन विधानं असली तर काम चांगलं, एकास एक असलं तर ठीकठाक. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून मोजा. माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नांचाच पाऊस असायचा.

दखल घेणं म्हणजे शाबासकी नव्हे, हेही सांगून ठेवते. ‘शाब्बास’ म्हटलं की आपण वर आणि तो खाली. त्यानं काय केलं ते नेमकं सांगितलं की पुरतं.

पोट्टा भाऊ, तुमचं राहिलं. सुटेल की नाही हे मला माहीत नाही, आणि सोडायचा की नाही हे ठरवणारे तुम्हीच. इथे सगळ्यांसमोर बोलायला हरकत नसेल तर एक विचारते, नको वाटलं तर सोडून द्या. खर्र्यातलं तुम्हाला काय आवडतं?

पोट्टा_मानेवाड्याचा

हे पयल्यांदाच कोणी इचारलं. हरकत कायची, इथं मले कोण ओयखते!

गाडी चालवतो. रात्रीची अमरावती रोडची लाइन असते. खर्रा तोंडात असला का झोप येत नाई. अन् ठेल्यावर दोस्त भेटते. खर्रा घोटून होयेपर्यंत घरादाराच्या गोष्टी होते.

निवृत्त_मास्तरीण

तो रात्री जागं ठेवतो. आणि मनातलं बोलायची जागा म्हणजे ठेला.

पोट्टा_मानेवाड्याचा

हाव. जागं राह्याचं म्हणसान तं आता चायनं बी भागते तसं. खरं सांगू का मॅडम, तिखट बंद झालं माह्यं. सावजीचा रस्सा तोंडात धरवत नाई, आग होते.

निवृत्त_मास्तरीण

नागपूरचा माणूस, आणि सावजी खाता येत नाही.

पोट्टा_मानेवाड्याचा

तेच तं! साळ्याच्या घरी मटण होतं, सगळे हाणून रायले अन् म्या आपला दही-भात. पोट्टी म्हणे, पप्पा तुमी काऊन नाई खात? काय सांगू तिले?

निवृत्त_मास्तरीण

तिच्यासमोर उत्तर सापडलं नाही.

पोट्टा_मानेवाड्याचा

लागलं मनाले. आठवीत हाय ते. शाळेत तिले तंबाखूवर चित्र काढाले लावलं होतं, तिनं घरी दाखवलं नाई. बायकोनं सांगितलं मागून.

निवृत्त_मास्तरीण

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिनं ते लपवलं. आणि ते तुमच्या ध्यानात राहिलं.

एक आकडा विचारते. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सर्वांत जास्त. खर्रा सोडणं तुम्हाला आजच्या घडीला किती महत्त्वाचं वाटतं?

पोट्टा_मानेवाड्याचा

सहा.

निवृत्त_मास्तरीण

तीन का नाही म्हणालात?

पोट्टा_मानेवाड्याचा

तीन म्हणलं तं खोटं होईन. पोट्टीचं तं सांगितलंच. दुसरं म्हंजे गुपचुप (पाणीपुरी) अख्खा तोंडात जात नाई आता. फोडून खा लागते. दोस्त हासते, मी बी हासतो, पण भेव वाटते.

पण दहा नाई म्हणत. जमन का नाई त्याचा भरोसा दोनच हाय.

निवृत्त_मास्तरीण

दोन म्हणालात, शून्य नाही.

पोट्टा_मानेवाड्याचा

नवरात्रात नऊ दिवस हातच लावत नाई न मी. दरवर्षी. ठेल्याच्या रस्त्यानं जातच नाई, मागच्या गल्लीतून निंगतो अन् खिशात लवंग ठेवतो. दसऱ्याच्या रात्री दोस्त फोन करते, मंग संपलं.

निवृत्त_मास्तरीण

रस्ता बदलायचा हे तुम्ही स्वतः शोधलंत आणि दरवर्षी नऊ दिवस निभावलंत. अडतं ते दसऱ्याच्या रात्रीपाशी, दोस्तांच्या फोनपाशी.

पोट्टा_मानेवाड्याचा

हाव. खर्र्याहून तो फोन भारी पडते. चला, ड्युटीवर निंगतो. बाकी मंग बोलू.

कोथरूडकर

वाचता वाचता चहा गार झाला. वाचनखूण साठवली.

पुढचा_पेशंट

बाईंनी एकदाही ‘सोडा’ म्हटलं नाही. आणि वाचताना तो शब्द माझ्या जिभेवर येऊन येऊन गेला. ‘आग होते’ म्हणाला तिथेच मी असतो तर टॉर्च काढला असता.

जास्वंदी (धागाकर्ती)

डॉक्टर, ती जी ऊर्मी आहे ना, समोरच्याचं चुकलेलं पटकन सुधारून टाकायची, तीच दाबायला शिका म्हणतात एमआयवाले. आणि आपण या पेशात येतो तेच त्या ऊर्मीपोटी. त्यामुळे ही शिस्त फार जाचक वाटते.

हा संवाद वहीत उतरवून बदलाच्या बाजूनं जाणाऱ्या वाक्यांवर खुणा केल्या. ‘तिखट बंद झालं’, ‘भेव वाटते’ ही कारणं. ‘नवरात्रात हात लावत नाई’ ही क्षमता. इच्छा आणि गरज आकड्याच्या उत्तरात डोकावतात. ‘सोडीन’ असं बांधून घेणारं वाक्य अजून आलेलं नाही, आणि मॅडमनी ते ओढून काढलं नाही. माझ्याकडे तो ‘हो मॅडम, सोडतो’ म्हणून केव्हाच उठून गेला असता.

एक शंका. खालचा आकडा का नाही असं विचारता, पण वरचा का नाही हे का विचारत नाही? आमच्या फॉर्मवर तर ‘अडचणी लिहा’ असा रकानाच आहे.

निवृत्त_मास्तरीण

सहाऐवजी नऊ का नाही विचारलंत तर तो अडचणी सांगेल. त्या खऱ्याच असतात, पण सांगता सांगता त्याचं ‘राहू द्या’ पक्कं होतं. तीन का नाही विचारलं की तो स्वतःच्या बाजूनं वकिली करतो. अडचणी आखणीच्या वेळी येतातच. बघा, दसऱ्याचा फोन न विचारता आला.

तुमच्या फॉर्मवर फायदे-तोट्यांचा चौकोनी तक्ताही असेल. दोन्ही बाजू सारख्याच तपशिलानं भरून घेतल्या तर दोन मनांतला माणूस दोन मनांतच राहतो, कधी जास्तच अडकतो. मिलर आणि गॅरी रोझ यांनी २०१५ मध्ये यावर स्पष्ट लिहिलं आहे : तुम्हाला तटस्थ राहायचं असेल तिथे तक्ता वापरा. उदाहरणार्थ, किडनी दान करावी की नाही हे कोणी ठरवत असेल, तर तिथे आपण एका बाजूला ढकलणं बरं नव्हे.

दंतकथा

पोट्टा भाऊ, आग होणं आणि गुपचुप न जाणं याबद्दल मला थोडं सांगता येईल. सांगू का?

पोट्टा_मानेवाड्याचा

सांगा डॉक्टर. ढाब्यावर थांबलो हाव.

दंतकथा

तोंड न उघडण्यामागे मुख्य कारण सुपारी असते. लोकांना वाटतं सगळा दोष तंबाखूचा. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होत जातं, तिखट झोंबतं, तोंड कमी उघडतं. ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सुपारीला, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. आलेला कडकपणा सहसा पूर्ण जात नाही. पण सुपारी थांबवणं ही उपचारातली पहिली पायरी, आणि जितक्या लवकर तितकं बरं. तुमचं हेच आहे का, ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

हे वाचून काय वाटतं?

पोट्टा_मानेवाड्याचा

आजपर्यंत वाटे, तंबाखू कमी टाकून घोटला का झालं. सुपारीचं मालूम नव्हतं. इचार करतो.

गोडबोली

विषय जरा वेगळा, पण विचारते. बाबांना शुगर आहे, एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) नऊच्या वर. डब्यातली सोनपापडी लपवून खातात. मी एकुलती एक, धरमपेठेत जवळच राहते, रोज जेवण बघते आणि रोज भांडण होतं. मी ही पद्धत बाबांवर वापरू का?

निवृत्त_मास्तरीण

‘बाबांवर’ नको. मुलगी समुपदेशक झाली की बापाला पहिल्या वाक्यात वास येतो, “हे कुठून शिकून आलीस?” शिवाय तुमचा जीव गुंतलाय. बाबांनी सोनपापडी खाल्ली की तुम्हाला भीती वाटणारच, आणि भ्यालेल्या माणसाला तटस्थ ऐकता येत नाही. ते काम त्यांच्या डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे राहू द्या.

तुमच्या हातात एवढं आहे : पहारा थोडा ढिला करा, आणि एखाद्या संध्याकाळी जेवणाचा विषय न काढता विचारा की हे दुखणं लागल्यापासून त्यांना कसं वाटतं. कित्येक बाबांना हे कोणीच विचारलेलं नसतं.

गोडबोली

मीही नाही विचारलं. आकडे विचारते फक्त.

सिस्टर_टीबीवाल्या

क्षयरोगाच्या गोळ्यांचं काम करते. आमच्याकडे कमीत कमी सहा महिने औषध, आणि मधेच बरं वाटलं की लोक सोडतात. वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. पेशंट एकटा येतच नाही. बायको, आई, मोठा भाऊ, कधी शेजारची काकूसुद्धा. मी पेशंटला विचारते आणि उत्तर बायको देते. “ते नाही खात जी गोळ्या, फेकून देते.” आणि तो खाली मान घालून बसतो. मोकळा प्रश्न कोणाला विचारू?

जास्वंदी (धागाकर्ती)

अगदी अगदी! माझ्याकडे परवा एक काकू नवऱ्याच्या खिशातली पुडी पुराव्यादाखल टेबलावर ठेवून गेल्या.

निवृत्त_मास्तरीण

सिस्टर, नातेवाइकांना बाहेर बसवा म्हणणं सोपं, पण आपल्याकडे तो अपमान होतो आणि घरी त्याचं खापर पेशंटवर फुटतं. मी असं करत असे : आधी बायकोचंच म्हणणं परत मांडायचं. “तुम्हाला यांची फार काळजी वाटते, म्हणून तुम्ही गोळ्यांवर लक्ष ठेवता.” ती निवळते. मग तिलाच विचारायचं, “यांनी गोळ्या घेतल्या असे दिवस कोणते? तेव्हा काय वेगळं होतं?” आता ती त्याच्या बाजूनं बोलायला लागते, आणि खाली घातलेली मान थोडी वर येते. तेव्हा त्याच्याकडे वळायचं. नंतर वजन-बीपीच्या निमित्तानं दोन मिनिटं एकटा मिळतोच.

सिस्टर_टीबीवाल्या

हे आवडलं. वजनकाटा पडद्यामागे आहे आमचा, आता कामी येईल.

आणखी एक, दारूबद्दल. कोणी पोस्ट वाचून जोशात येऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. तो तयार झाला की आधी डॉक्टर. नुसतं बोलणं तिथे पुरत नाही.

पुढचा_पेशंट

रात्री वाचत बसलो, म्हणून पुरावा काय म्हणतो ते लिहितो. अमेरिकेत प्रोजेक्ट मॅच नावाची मोठी चाचणी झाली, १९९७ मध्ये मुख्य निष्कर्ष आले. दारूचे १७२६ रुग्ण. एमआयवर आधारलेल्या उपचाराच्या चार बैठका, आणि दुसऱ्या दोन उपचारांच्या बारा-बारा बैठका. एकंदर निकाल जवळपास सारखेच. रांगेवाल्या माझ्यासारख्याला यात रस आहे. पण नंतरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर परिणाम लहान ते मध्यम, आणि जागोजागी वेगवेगळा. जादू नाही. ज्याचा निर्णय झालाय त्याला पुन्हा ‘का सोडायचंय’ विचारत बसणं हा तर वेळेचा अपव्यय, त्याला सरळ मदत द्यावी.

शिकण्याबद्दलचे निष्कर्ष जास्त बोचरे आहेत. मिलर आणि माउंट यांनी २००१ मध्ये स्वतःच्याच कार्यशाळेची तपासणी छापली. शिकून गेलेल्यांना वाटत होतं आपल्याला जमलं, पण त्यांच्या पेशंटच्या बोलण्यात फरक पडला नव्हता. २००४ च्या अभ्यासात दिसलं की कार्यशाळेनंतर रेकॉर्डिंग ऐकून कोणी अभिप्राय दिला, मार्गदर्शन केलं, तर कौशल्य टिकतं. जास्वंदी, तुमच्या सरांच्या भाषणाचा हिशेब यात आला.

आणि नातेवाईक विचारतील हा माझा मुद्दा मागे घेत नाही. मी सांगणारच, फक्त आधी विचारून सांगेन. काल एका बाईंना ‘शुगरबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त कशाची काळजी वाटते’ विचारलं. मला वाटलं पाय, डोळे म्हणतील. म्हणाल्या, “इन्सुलिन लागलं तर वारीला कशी जाऊ?” बरेच महिने मी त्यांना भाताबद्दल बोलत होतो.

जास्वंदी (धागाकर्ती)

म्हणजे सरावाशिवाय गत्यंतर नाही. मग ठरवूया का? महिन्यातून दोन शनिवार, दुपारी. धंतोलीत ओळखीच्या संस्थेची एक खोली मिळेल. तिघांचा गट : एक बोलणारा, एक ऐकणारा, एक मोजणारा. बोलणाऱ्यानं स्वतःचीच खरी, पण फार खोल नसलेली गोष्ट आणायची, जी बदलावीशी वाटते पण होत नाही. फोनचा अतिरेक, व्यायाम, उशिरा झोपणं. नाटकी पेशंट नकोत, ते फारच लवकर सुधारतात. पेशंटचं रेकॉर्डिंग आणायचं असेल तर त्याची लेखी परवानगी हवी आणि नाव-गाव ओळखू येता कामा नये.

निवृत्त_मास्तरीण

मी येईन. पहिल्या शनिवारी प्रश्न विचारायला बंदी. दहा मिनिटं नुसती विधानं.

पुढचा_पेशंट

दहा मिनिटं? मरतो मी. शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो, येतो.

सिस्टर_टीबीवाल्या

ड्युटी बदलून मिळाली तर मीही. खोली तळमजल्यावर आहे का? गुडघे.

जास्वंदी (धागाकर्ती)

तळमजलाच आहे सिस्टर. केंद्रापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी, आणि इथे नुसतं वाचणाऱ्यांसाठीही : तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, मोफत आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

पोट्टा_मानेवाड्याचा

गाडी लागली घरी. डॉक्टर, ते तोंड किती उघडते ते मोजाचं कुठं? सोडतो म्हणत नाई मी, आधी मोजून पाहू म्हणतो. मेडिकलच्या आवारात दाताचं सरकारी कॉलेज हाय, तिथं होते का?

दंतकथा

होतं. मौखिक निदान विभाग विचारा, पट्टीनं मोजतात, दुखत नाही. सकाळी लवकर या, केसपेपरची रांग असते. आणि बुधवारी यायचं जमवा, त्या दिवशी मी तिकडे असतो.

पोट्टा_मानेवाड्याचा

बुधवारी नागपुरात नाई. गुरवारी?

दंतकथा

गुरुवारी मी नसेन, पण मोजायला माझीच गरज नाही. कोणीही मोजेल.